मीटरवाल्याचं घर

तिला सगळे मास्तरीण म्हणत, पण शाळेत तिनं एक दिवसही शिकवलं नव्हतं. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. सात वर्षांची असताना ती त्यांचं बोट धरून रस्त्यानं चालायची आणि दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका मोठ्यानं काढायची, तेही दुकानदाराच्या तोंडावर. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती. परक्या भाषेतली पुस्तकं आपल्या भाषेत आणायचं काम करायची, आणि दुसऱ्याच्या चुका काढायची सवय काही सुटली नव्हती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मास्तरीण तर चांगली धडधाकट होती.

सध्या तिच्या टेबलावर एक जाडजूड अमेरिकन कादंबरी होती. मोठ्या शहरात घरोघरी फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपणारा एक माणूस. बावीस वर्षं त्यानं ते शहर पायाखाली घातलेलं. एका संध्याकाळी तो काम आटोपून घरी निघतो आणि त्याला घर सापडत नाही. तो प्यालेला नाही, खुळाही नाही. पण ज्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान असायला हवं त्या चौकात तेच दुकान चारही कोपऱ्यांवर आहे. काचेच्या उंच इमारतीत त्याला पुढचा रस्ता दिसतो, आणि जवळ गेल्यावर कळतं की तो मागचा रस्ता होता. वस्ती असायला हवी तिथं गाड्या उभ्या करायचं मैदान आहे. असा तो चारशे पानं चालतो. एवढीच गोष्ट.

"त्या देशात एका पिढीनं शहरावर असंच लिहिलंय," प्रकाशनाच्या संपादकबाई पुस्तक हातात देताना म्हणाल्या होत्या. "आपल्या वाचकाला सवय नाही. तेव्हा आठ पानांची प्रस्तावनाही लिही. त्यांच्या कादंबऱ्यांतलं शहर कसं असतं, का असतं." मास्तरीण हो म्हणाली. ती सगळ्यांना हो म्हणायची आणि घरी येऊन कपाळावर हात मारायची.

तिसऱ्या प्रकरणात तिची गाडी अडली. मीटरवाला बस डेपोतून निघून तीन वेळा डावीकडे वळतो आणि नदीवर येतो. सहाव्या प्रकरणात त्याच डेपोतून त्याच तीन वळणांनी तो एका लाँड्रीसमोर येतो, आणि नदी दोन मैल मागे. तिनं पानं उलटसुलट केली. मग नेहमीप्रमाणे आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अप्पा, जरा येता का?"

अप्पा म्हणजे तिचे वडील. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी शहराच्या मोजणी कार्यालयात नकाशे काढले होते. तिथं त्यांना होकायंत्र म्हणत, कारण कुठल्याही खोलीत डोळे बांधून उभं केलं तरी ते उत्तर दिशा बोटानं दाखवायचे. त्यांनी उभ्यानंच दोन्ही उतारे ऐकले आणि निकाल दिला. "नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या लेखकाला शहर मांडता आलं नाही, म्हणून शहर हरवलं म्हणतोय. कागद आण."

मास्तरीण कागद आणायला उठली तेव्हा तिच्या छातीवरचं एक ओझं उतरलं होतं. त्याचं कारण पुस्तकात नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी अप्पा पाव आणायला गेले होते आणि चार तासांनी औषधांच्या दुकानदारानं त्यांना घरी आणून सोडलं होतं. ते म्हणाले, जुना मित्र भेटला, गप्पा मारत बसलो. तो मित्र सहा वर्षांपूर्वी गेलेला होता. मास्तरणीनं ही गोष्ट परगावच्या भावाला सांगितली आणि सांगून पस्तावली. दादा माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रश्न दिसला की लगेच उत्तर हवं असायचं. त्यानं आठवड्याभरात त्याच्या गावातली एक जागा पाहून ठेवली. म्हाताऱ्यांची सोय, चोवीस तास नर्स, आणि बाहेरून कुलूप असलेलं गेट. "महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतो," तो म्हणाला. "अप्पांशी बोलतो. घरी राहण्यासारखे असतील तर मला काय हौस आहे का?"

म्हणजे शेवटच्या शनिवारपर्यंत अप्पा घरी राहण्यासारखे आहेत हे सिद्ध करायचं होतं. आणि जो माणूस कधी न पाहिलेल्या शहराचा नकाशा नुसतं ऐकून काढतो त्याला आपल्या गल्लीतून घरी येता येत नाही, असं कोण म्हणेल? हातच्या काकणाला आरसा कशाला. ती नकाशा दादासमोर पसरणार होती आणि गप्प बसणार होती.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल नकाशाचं झालं. अप्पांनी माळ्यावरची जुनी पेटी काढली. लांब पट्टी, त्रिकोण, कंपास, शाईची पेनं, खोडायचं पातं, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. सकाळी नऊ वाजता ते दाढी करून, शर्ट खोचून टेबलाशी बसायचे. ती वाचायची, ते काढायचे.

"डेपोच्या समोर हमरस्ता. त्याच्या वरून उड्डाणपूल," ती वाचायची.

"उड्डाणपूल कशावर उभाय? खाली काय होतं?"

"वस्ती होती. पाडली."

"घरं किती होती ते लिहिलंय?"

"नाही हो."

"लिहायला पाहिजे होतं," अप्पा म्हणायचे आणि पेन्सिलीनं तिथं अगदी फिकट, जेमतेम दिसतील अशी घरं काढायचे. मोजणी कार्यालयात तशी पद्धत होती. पाडलेलं घरही पहिल्या कागदावर काढायचं, मग खोडायचं.

त्यांना त्या शहराचा भयंकर राग यायचा आणि त्यातून ते बाहेरही पडत नसत. चारही कोपऱ्यांवर एकच दुकान म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग माणसानं खूण कुठली धरायची? शिंपी, न्हावी, खाटीक काही आहे का नाही त्या गावात?" काचेच्या इमारतीबद्दल ऐकल्यावर म्हणाले, "ज्या भिंतीत आपलंच तोंड दिसतं ती भिंत नकाशात कशी दाखवणार? उद्या म्हणशील मीटरवाल्यालाही काढा." मास्तरीण हसायची. बऱ्याच दिवसांनी घरात हसण्याचा आवाज होता, आणि शेजारची शिवणकामवाली मशीन थांबवून विचारायची, "काय चाललंय बाई तुमचं?"

कार्यालयाचा आणखी एक नियम होता आणि तो अप्पा दिवसातून दोनदा सांगायचे. नकाशा काढून झाला की आरेखकानं कागद हातात घेऊन ती सगळी वाट स्वतः चालायची, आणि मगच खाली उजव्या कोपऱ्यात सही करायची. "चालून पाहिल्याशिवाय सही नाही. आणि जमीन न् नकाशा जुळले नाहीत तर?"

"नकाशा खोडायचा," मास्तरीण लहानपणी पाठ केलेलं उत्तर द्यायची.

"शाब्बास. जमीन चुकत नाही."

पहिले तीन-चार दिवस तिनं पुस्तकात किरकोळ दुरुस्त्या केल्या. लेखकाच्या हातून डावं-उजवं झालं असेल, असं म्हणून दोन-तीन वळणं अप्पांच्या नकाशाप्रमाणे सरळ करून टाकली. अनुवाद करणारे असं कधीमधी करतात आणि वाच्यता करत नाहीत. खरी गोष्ट पाचव्या दिवशी घडली.

ती वाचत होती, "नदी डाव्या हाताला ठेवून तो उत्तरेकडे चालू लागला." अप्पांनी नदी उजवीकडे आखायला घेतली. निळी शाई अर्ध्या कागदापर्यंत गेली तेव्हा ती सहज म्हणाली, "अप्पा, डाव्या हाताला."

अप्पांनी पेन उचललं. मग दोन्ही हात टेबलावर समोर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. ते विचार करत होते असं नव्हतं. ते शोधत होते. चाळीस वर्षं उत्तर दाखवणाऱ्या माणसाला आपला डावा हात कुठला ते आठवत नव्हतं, आणि आपल्याला ते आठवत नाही हे मुलीला कळू नये म्हणून तो मान वर करत नव्हता.

मास्तरणीनं पुस्तकात डोकं घातलं. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "उजव्याच हाताला आहे. मी ओळ चुकले."

"नीट वाचत जा," अप्पा म्हणाले आणि त्यांनी नदी पुरी केली.

दुपारी ते झोपल्यावर तिनं संगणक उघडला आणि अनुवादात नदी उजवीकडे नेली. एवढंच, असं स्वतःला बजावलं. पण नदी हलली की पूल हलतो, पूल हलला की पुलापलीकडची लाँड्री हलते. एका खोट्याला झाकायला दहा लागतात. अप्पा रोज कुठेतरी चुकायचे आणि ती रोज दुपारी पुस्तक त्यांच्या चुकीप्रमाणे बदलून ठेवायची. शेवटी अप्पांनी लाल शाईनं एक ठिपका दिला आणि त्याशेजारी सुबक अक्षरात 'घर' असं लिहिलं. मूळ पुस्तकात मीटरवाला त्या जागी येतो तेव्हा तिथं मैदान असतं आणि रांगेनं गाड्या उभ्या असतात. मास्तरणीनं शेवटची अडीच पानं नव्यानं लिहिली. तिच्या पुस्तकात मीटरवाल्यानं दार वाजवलं आणि आतून कोणीतरी ते उघडलं. लिहिताना ती रडली, आणि चांगलं जमलंय असंही तिला वाटलं.

दादाचा फोन दर बुधवारी यायचा. तो स्पीकरवर ठेवायला सांगायचा आणि मग डॉक्टरांनी सांगितलेले प्रश्न गप्पांच्या ओघात विचारायचा. म्हणजे त्याला तसं वाटायचं.

"अप्पा, आज वार कुठला हो? माझ्या लक्षातच येत नाही."

मास्तरीण समोर चिठ्ठी धरायची. अप्पा चिठ्ठी वाचून सांगायचे, "बुधवार. तुझ्या नसेल लक्षात, माझ्या आहे."

"आणि तारीख?"

तारीखही चिठ्ठीवर असायची. अप्पा तीही वाचायचे आणि तिच्याकडे बघायचे नाहीत. फोन संपला की दोघंही त्याविषयी बोलत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. अप्पांनी काय ठरवलं होतं ते तिनं कधी विचारलं नाही.

शेवटच्या शनिवारला बारा दिवस उरले असताना संपादकबाईंनी तिला बोलावून घेतलं. त्यांचं कार्यालय तीन जिने वर होतं, खिडकीखाली पुस्तकांचे गठ्ठे, टेबलावर चहाचे गोल डाग. बाईंनी मूळ पुस्तक आणि तिनं पाठवलेली अनुवादाची प्रत शेजारी-शेजारी ठेवली होती. प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"एकतीस," बाई म्हणाल्या. "मी दोनदा मोजल्या. दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, घाईत झालं. तू तर माझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवतेस. काय झालं?"

"रस्ते जुळत नव्हते."

"ते जुळू नयेत म्हणून तर त्यानं चारशे पानं लिहिली, बाई." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांच्या जुन्या कादंबऱ्यांत पोरगा गावाकडून शहरात यायचा, बिघडायचा, बुडायचा, पण घराचा नंबर जागेवर असायचा. पुढचे लोक लिहायला बसले तोवर वस्त्या पाडून मधून महामार्ग गेले होते. कुठल्याही गावात उतरा, तेच दुकान, तीच पाटी, तेच गाड्यांचं मैदान. खऱ्या जागेपेक्षा जाहिरातीतली जागा ओळखीची वाटायची. म्हणून यांच्या पुस्तकात शहर माणसाला ओळख दाखवत नाही. आणि माणूस शहरावर चिडत नाही, हे बघ. त्याला आधी स्वतःचाच संशय येतो. हेच तुझ्या प्रस्तावनेत यायला हवं होतं. आणि तू काय केलंस? तू त्याला घरी पोचवलंस."

मास्तरीण टेबलावरच्या डागाकडे पाहत राहिली. खरं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेरच्या एका माणसाला सांगितलं की ते खरं होऊन बसेल, अशी तिला भीती वाटली.

"आठवडा दे मला," ती म्हणाली आणि लगेच चपापली. "द्या."

"घे," बाई म्हणाल्या. "पण एकतीसच्या एकतीस मागे घ्यायच्या."

ती घरी आली तेव्हा पावणेतीन वाजले होते. दार ओढून घेतलेलं होतं. टेबल स्वच्छ पुसलेलं, पेनं फडक्यात गुंडाळलेली, आणि नकाशा नव्हता. शिवणकामवाली मशीनवरून उठून दारात आली.

"अप्पा अकरालाच गेले. इस्त्रीचे कपडे, बूट, हातात कागदाची गुंडाळी. मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, ऑफिसचं काम आहे. चालून बघायचंय, सही राहिलीय."

मास्तरणीनं रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. नियम तिला पाठ होता. दिवसातून दोनदा ऐकला होता, हसून उत्तरही दिलं होतं, आणि त्याचा अर्थ तिच्या एकदाही ध्यानात आला नव्हता. नकाशा पुरा झाला होता. जगात नसलेलं शहर पायी चालून बघायला अप्पा निघून गेले होते.

पुस्तक डेपोपासून सुरू होतं म्हणून ती बस डेपोवर गेली. तिकीट खिडकीवरच्या बाईला आठवत होतं. "हो, आले होते की एक आजोबा. मला विचारलं, उत्तर कुठली. मी म्हटलं, चौकशी पलीकडच्या खिडकीवर."

तिथून पुढची वाट तिला तोंडपाठ होती. तीन वळणं डावीकडे, मग सरळ, मग पूल. ती तशी चालत गेली आणि एका बंद गोदामाच्या भिंतीशी थांबली. पुन्हा डेपोवर आली. पुन्हा गेली. लोकांना विचारलं. सव्वाचार वाजले, पाच वाजले. ज्या शहरात ती जन्मली, त्यातल्या कितीतरी जागा तिनं कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. काचेच्या बँकेत तिला समोरून एक विस्कटलेली बाई येताना दिसली आणि तिनं तिलाही विचारायला तोंड उघडलं. चौकात एकच औषधांचं दुकान दोन कोपऱ्यांवर होतं. दोन वर्षांपूर्वी ते एकाच कोपऱ्यावर होतं. प्रस्तावनेसाठी महिनाभर ती वाक्यं जुळवत होती आणि त्यातलं निम्मं तिच्या घरापासून वीस मिनिटांवर उभं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिसऱ्यांदा डेपोवर आल्यावर तिला ते दोन हात आठवले. टेबलावर समोर ठेवलेले. अप्पांचं डावं उजवं झालंय, हे जगात फक्त तिलाच माहीत होतं. पोलिसाला नाही, दादाला नाही. ती निघाली आणि नकाशातल्या प्रत्येक डाव्या वळणाला उजवीकडे वळली.

उड्डाणपुलाखाली गाड्या उभ्या करायचं मैदान होतं. तिथं रखवालदाराच्या लोखंडी खुर्चीवर अप्पा बसले होते. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते. नकाशा मांडीवर उघडा होता. रखवालदार बाजूला उभा होता, त्याची खुर्ची गेली म्हणून.

"तुमचे का?" तो म्हणाला. "दोन तास बसलेत. म्हणतात, इथं घर होतं. मी म्हटलं, साहेब, अकरा वर्षं मी इथं आहे, इथं गाड्याच आहेत. तर म्हणाले, तसं असेल तर तुमचंही बरोबर. पाणी दिलंय त्यांना."

मास्तरीण त्यांच्या गुडघ्यापाशी बसली. रागवावं, मिठी मारावी की नुसतं रडावं ते तिला कळेना. तिनं त्यांच्या पायात बूट घालायला घेतले.

"अप्पा, हे ते शहर नाही हो."

"माहितेय गं मला," अप्पा म्हणाले. आवाज थकलेला होता, पण शुद्ध होता. "शहर कुठलं का असेना. उत्तर तर जागेवर पाहिजे ना? मला उत्तर सापडेना. सूर्याकडे बघितलं, सावलीकडे बघितलं. बघून काय करायचं तेच आठवेना." त्यांनी नकाशाची घडी घातली. "मी त्या लेखकाला शिव्या घातल्या. त्याचं चुकलेलं नाही. तो इथं येऊन गेलाय."

घरी आल्यावर ते न जेवता झोपले. मास्तरीण त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसली.

सकाळी अप्पांनी दाढी केली, शर्ट खोचला आणि नऊला टेबलाशी येऊन बसले. नकाशा पसरला. घड्या पडून त्याचे कोपरे मऊ झाले होते. "वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून. मला जुळवून बघायचंय."

तिनं मूळ पुस्तक उघडलं आणि बंद केलं. मग तिनं सांगितलं. नदी सांगितली, पूल सांगितला, लाँड्री सांगितली. एकतीस दुरुस्त्या सांगितल्या, आणि शेवटची अडीच पानं.

"म्हणजे तो घरी पोचत नाही?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"आणि तू लिहिलंस, पोचतो."

"हो."

"माझा नकाशा चुकला म्हणून तू त्याचं पुस्तक बदललंस." त्यांचा आवाज चढला. बऱ्याच वर्षांत चढला नव्हता. "चाळीस वर्षांत आमच्या ऑफिसात गाढवं होती, आळशी होती, एक जण तर दुपारी पट्टी उशाला घेऊन झोपायचा. पण जमीन कुणी खोडली नव्हती. मला सांगायचं होतंस, अप्पा, तुमचं चुकतंय."

"मला नाही सांगता आलं," मास्तरीण म्हणाली. "तुम्ही हातांकडे बघत होता. मला ते बघवलं नाही. आणि दादा येणार आहे." आणि मग तिला रडू आवरेना.

अप्पांनी तिला रडू दिलं. पेटीतून लाल शाईचं पेन काढलं, फडक्यावर टोक पुसलं, आणि नकाशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पट्टी ठेवून तिरपी रेघ मारली. रेघेवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रद्द'. रेघ सरळ आली.

"रद्दलाही सही लागते," ते म्हणाले आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी सही केली. पेन तसंच धरून ते तिच्याकडे वळले. "आता दादाला फोन लाव."

"आज बुधवार नाही, अप्पा."

"लाव."

तिनं लावला आणि स्पीकरवर ठेवला. दादाचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं?"

"काही नाही. मी काल हरवलो होतो," अप्पा म्हणाले. "सकाळी अकरापासून. हिनं शोधून काढलं. आणि हे ऐक, मागंही हरवलो होतो, तेव्हा मित्र भेटल्याची थाप मारली. मला आता रस्ता सापडत नाही. डावं-उजवं होतं. दर बुधवारी तू विचारतोस ते मी चिठ्ठीवरून वाचून सांगतो. चिठ्ठी ही धरते. तिला बोलू नकोस. वाचत मी होतो."

मास्तरीण टेबलाची कड धरून बसली होती.

"मी शनिवारीच येतो अप्पा, या शनिवारी," दादा म्हणाला. "ती जागा खरंच चांगली आहे हो."

"असेल. मी येऊन बघेन. खोल्या, जिने, गेट, सगळं एकदा चालून बघेन, हिचा हात धरून. मग सांगेन, हो की नाही. चालून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे." मग, सवयीनं असेल किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, त्यानं विचारलं, "अप्पा, आज तारीख काय?"

मास्तरणीचा हात आपोआप चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"माहीत नाही रे," अप्पा म्हणाले. "थांब, मास्तरणीला विचारतो." आणि त्यांनी तिच्याकडे सरळ पाहून विचारलं.

तिनं सांगितली. अप्पांनी ती फोनमध्ये मोठ्यानं सांगितली, आणि मग सहीच्या खाली आकड्यांत लिहिली.